परसातलं जोतं

शर्मिलाला परसात एक छोटी खोपी हवी होती. फार काही नाही; चार बाजूंनी पत्रा, वर पत्रा, आणि आत फावडी, पाण्याचे पाइप, रोपांचे ट्रे नि खताची पोती राहतील एवढी जागा. सध्या हा सगळा पसारा घरातच होता. पडवीत ट्रे, न्हाणीच्या दाराशी फावडी, आणि शेणखताचं पोतं थेट चुलीमागे. तिची सासू सुंदराबाई भाकरी थापता थापता नाकाला पदर लावायची नि म्हणायची, "खताला जेवणाचा वास येतो का जेवणाला खताचा, आता मला कळत पण नाय."

घर दासगावात, बौद्धवाडीच्या अगदी खालच्या टोकाला होतं. परसाच्या पुढे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन, त्यापुढे तिवरांची झाडी आणि मग सावित्रीची खाडी. कधीकाळी हे मोठं बंदर होतं, गलबतं लागायची, असं म्हातारी माणसं सांगतात. आता जुन्या धक्क्याचे दगड ओहोटीला चिखलातून वर येतात, कोळीआळीतल्या चार-दोन होड्या तिथे बांधलेल्या असतात, एवढंच.

शर्मिला सकाळी अंगणवाडी चालवायची आणि दुपारी रोपं. मिरची, वांगी, टोमॅटो, दिवाळीच्या आधी झेंडू. महाडच्या बाजारात तिची रोपं जायची, पोलादपुराहूनही गिऱ्हाइकं यायची. हा उद्योग तिने नवऱ्याच्या मागे सुरू केला. राजेंद्र एमआयडीसीत कामाला होता. महापुराच्या साली तो पाळीवरून मोटारसायकलने घरी यायला निघाला आणि वाटेतल्या ओढ्याने त्याला नेलं. त्यानंतर पहिले काही महिने शर्मिलाला दुपार काढता येत नसे. कुणीतरी मिरचीचं बी दिलं, ते तिने जुन्या डब्यात पेरलं, उगवलं, आणि मग ती पेरतच गेली. मुलगी साक्षी आता महाडला कॉलेजात होती, आणि तिची फी रोपांतूनच निघत होती.

खोपीचा एक प्रयत्न आधी झाला होता. माय-लेकींनी बांबू रोवून वर पत्रे बांधले होते. पावसाळा संपेपर्यंत बांबू एका बाजूने खाली गेले आणि खोपी दारूड्यासारखी खाडीकडे कलली. म्हणून यंदा थंडीत शर्मिलाने सयाजी गवंड्याला बोलावलं. सयाजी वरंधकडचा, या भागात बरीच घरं त्याने बांधली होती. त्याने परसात दोन-तीन ठिकाणी पहार मारून पाहिली.

"बाई, ही जमीन नाय. हा चिखल हाय, वरनं वाळलेला," तो म्हणाला. "पत्र्याची खोली उभी करायला येळ लागत नाय, पण आधी जोतं पायजे. खाली डबर भरून, धुमसून, वर काँक्रीट. डबर चांगला टेम्पोभर लागंल."

"मग आणा की."

"आणतो. पण टेम्पो धक्क्यापर्यंत येईल. वाडीची पाखाडी उतरून तुमच्या परसात कोण आणणार? डोक्यावरनं दगड वाहायला आता माणसं मिळत नायत."

पाखाडी म्हणजे वाडीतली दगडी पायऱ्यांची वाट. तिच्यावरून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागे. शर्मिलाने पाखाडीकडे पाहिलं. तेव्हा पडवीत बसलेल्या सुंदराबाई म्हणाल्या, "पाण्यानं आणा. हे घर बांधलं तवा दगड होडीनंच आला होता. भरतीला खाडीच्या मागच्या फाट्यात होडी शिरते."

"एवढा दगड पेलणारी होडी आता एकच हाय," सयाजी म्हणाला. "चांगूची."

ते नाव निघताच सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. सयाजीला कारण ठाऊक नव्हतं. त्याने सुपारी काढली आणि उद्या सांगा म्हणून निघून गेला.

महापुरानंतर राजेंद्र सापडला तो चांगूला. चांगू कोळीआळीतला, राजेंद्रच्याच वयाचा. शर्मिलाला तो दिवस तुकड्यातुकड्यांत आठवे. परसामागे होडी लागली. चांगू चिखलातून वर आला, वाडीतल्या पुरुषांशी हळू आवाजात काहीतरी बोलला, आणि त्यांच्याबरोबर राजेंद्रला ताडपत्रीत उचलून पडवीत आणून ठेवलं. मग रडारड झाली, आणि त्या गर्दीत चांगू कधी गेला ते कुणाला कळलं नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीच्या दिवशी शर्मिलाने त्याच्याकडे निरोप पाठवला होता. त्याची बायको कमळाबाई येऊन बसून गेली, तो आला नाही. त्यानंतर रस्त्यात समोरून शर्मिला दिसली की तो वळून दुसऱ्या वाटेने जायचा. बाजारात मासे घेऊन कमळाबाईच बसायची. पहिल्यांदा शर्मिलाला वाटलं योगायोग असेल. पुढे तिने स्वतःची समजूत घातली, की मेलेल्या माणसाला हात लावावा लागला, ते त्याला अपशकुनाचं वाटत असेल, आणि म्हणून त्याला आपलं तोंडही बघायचं नसेल. तिला त्याचा राग नव्हता. पण आभार मानायचे राहून गेले होते, आणि वर्षं जात होती तसं ते जास्तच अवघड होत होतं.

"मी विचारते त्यांना," साक्षी म्हणाली.

"नको गो. त्याला बरं वाटायचं नाय."

"आई, होडी भाड्याने मागायचीय. नाही म्हणाले तर नाही म्हणाले."

ती खरंच गेली, आणि थोड्याच वेळात परत आली. "हो म्हणाले. एवढंच म्हणाले. जाळं विणत होते, मान वर केली नाही. भाड्याचं विचारलं तर नुसती मान हलवली."

दोन दिवसांनी, सकाळच्या भरतीला होडी फाट्यात शिरली. होडी डबराने एवढी भरली होती की तिचा काठ पाण्याला टेकायचाच बाकी होता. चांगू उभा राहून बांबूने तिला पुढे ढकलत होता. परसाच्या कडेला लागल्यावर त्याने शर्मिलाकडे न बघता विचारलं, "कुठं टाकू, वहिनी?"

"इथंच, केळीच्या पल्याड."

तो एकेक दगड उचलून काठावर देऊ लागला. सयाजी आणि साक्षी ते पुढे नेत होते. शर्मिलाही ओळीत उभी राहिली. चांगूच्या हातातून दगड तिच्या हातात येत होता, आणि तरी दोघांची नजर एकदाही मिळाली नाही. होडी रिकामी झाली तेव्हा ओहोटी लागली होती. चांगू घाईने निघाला. सुंदराबाईंनी चहा आणला तोवर होडी फाट्याच्या तोंडाशी पोचली होती.

"चहा ठेवला होता रे," त्या ओरडल्या.

"पाणी उतरतंय, आये. पुन्हा कधी तरी," तिकडून आवाज आला.

अशा काही खेपा झाल्या. दर वेळी चांगू भरतीबरोबर यायचा, ओहोटीबरोबर जायचा. सयाजीने दोरी बांधून चौकोन आखला, वरचा चिखल काढला आणि डबराचे थर घालायला घेतले. एक थर दगड, वर मुरूम, वर पाणी, मग लोखंडी धुमसाने ठोकणं. साक्षी कॉलेजातून आली की धुमस मारायला लागायची आणि थोड्या वेळाने हात चोळत बसायची. वाडीतली माणसं येता-जाता थांबून सल्ले देत होती. कुणी म्हणे जोतं अजून उंच घ्या, कुणी म्हणे एवढ्या दगडात घर झालं असतं.

भराव निम्म्याच्या वर आल्यावर सयाजीला वरंधला जावं लागलं. त्याच्या भाचीचं लग्न होतं. "तीन बाजूंनी दगड पक्का रचलाय," तो जाताना म्हणाला. "खाडीकडची बाजू आल्यावर करतो. तवर हात लावू नका."

पण अमावास्या आली आणि उधाण भरलं. पाणी खाजण ओलांडून परसात आलं, आणि उघड्या राहिलेल्या बाजूने भरावात शिरलं. सकाळी शर्मिला मागच्या दारी आली तर खाडीकडचा कोपरा बसलेला होता. मुरूम वाहून गेला होता, दगड चिखलात कसेही पडले होते, आणि वाफ्यातली मिरचीची रोपंही खाऱ्या पाण्याने माना टाकून होती. ती उंबऱ्यावरच बसली. तिला रडू आलं नाही, पण उठवेनासं झालं. अंगणवाडीला जायची वेळ झाली तरी ती तशीच बसून होती. शेवटी साक्षीने मदतनीस बाईंना फोन करून सांगितलं.

त्या दिवशी चांगूची खेप ठरलेली नव्हती. पण भरती चढली तशी फाट्यात होडी दिसली. या वेळी दगड मोठे होते, एकेकाला दोन माणसं लागतील असे.

"रात्रीचं पाणी बघितलं," तो खाली उतरत म्हणाला. "वाटलंच, हा कोपरा जाणार. म्हणून मोठं दगड घेतलं. हे हलायचं नायत."

"सयाजी नाय हाय," शर्मिला म्हणाली. "तो आल्यावर बघू."

"तो येईपर्यंत आणखी जाईल. आपण नुसतं अडवून ठेवू. नीट तो करील."

मग दोघांनी नि साक्षीने मिळून चिखल उपसला आणि मोठे दगड कोपऱ्यात बसवले. चांगूला गवंडीकाम येत नव्हतं. एक दगड त्याने तीनदा बसवला आणि तिन्ही वेळा तो डुगडुगला, तेव्हा साक्षी हसली आणि तोही हसला. काम उरकेपर्यंत ओहोटी निघून गेली होती. होडी फाट्यात चिखलावर टेकली होती. आता पुढच्या भरतीपर्यंत चांगूला कुठे जाता येणार नव्हतं.

सुंदराबाई हीच वाट बघत असाव्यात. त्या तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि कांदा घेऊन परसात आल्या, आणि ताट त्याच्यापुढे ठेवून स्वतः समोर बसल्या.

"आता होडी बसलीय. आता कुठं पळशील?"

चांगूने होडीकडे एकदा पाहिलं. त्याने हात धुतले आणि जेवायला बसला. थोडं पोटात गेल्यावर म्हातारीने सरळच विचारलं, "का रे बाबा, एवढी वर्षं आमच्या दारी पाय का लावला नाय? माझ्या पोराला तू आणलास. तुला बोलवायला गेलं तर येत नव्हतास. आमचं काय चुकलं?"

"तुमचं काय चुकणार, आये," चांगू म्हणाला. त्याने घास हातातच धरला होता. "त्या दिशी मी त्याला पडवीत ठेवला, तवा वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हिला कवापण माझं तोंड दिसलं की हेच आठवणार. राजू मेला हे सांगणारं तोंड. बाजारात दिसलो, आठवणार. वाटेत दिसलो, आठवणार. म्हणून मी वाट बदलायचो."

शर्मिला दगडावर बसली होती. आपण त्याच्याकडे बघितल्याचंसुद्धा तिला आठवत नव्हतं.

"मला वाटायचं तुमाला आमचं तोंड नको," ती म्हणाली.

"नाय वहिनी. तसं कसं."

 मग शर्मिलाने ते विचारलं, जे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. "कसा होता तो? तुमाला दिसला तवा?"

चांगूने सुंदराबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"पलीकडच्या तिवरांत अडकला होता. पाठीवर होता. झोपल्यासारखा नव्हता, खोटं सांगत नाय. पण वळखू येत होता. उजाडता उजाडता बघितला मी. एकट्यानं कसाबसा होडीत घेतला, तवर पाणी उतरलं नि होडी चिखलात बसली. आज बसलीय तशी. फोन कुणालाच लागत नव्हता, टॉवर बंद होतं. तिकडच्या गावात चालत जाऊन माणसं आणता आली असती. पण त्याला तसा सोडून कसा जाणार? वर घारी होत्या, कावळं होतं. मग ताडपत्री घातली नि बसून राहिलो. भरती यायला दुपार झाली."

"एवढा वेळ तुमी तिथंच?"

"मग कुठं जाणार." तो जरा थांबला. "बोलत होतो त्याच्याशी. वेड्यासारखं. म्हटलं, राजू, घर जवळ हाय, दिसतंय बघ इथनं. भरती लागली की जाऊ. लहानपणी धक्क्यावरनं उड्या मारायचो आमी, ते पण काढलं. कुणीतरी बोलायला पायजे ना."

शर्मिलाने तोंडावर पदर धरला. साक्षी उठून तिच्याजवळ येऊन बसली. इतकी वर्षं, झोप लागायच्या आधी, शर्मिलाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: चिखल, पाणी, वर घारी आणि तिथे राजेंद्र, एकटा. ते तिने सासूला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, आपण इकडे घरात कोरड्या जागेत बसलो होतो आणि तो तिकडे एकटा पडला होता.

"मला वाटायचं, एकटाच होता तिथं," ती शेवटी म्हणाली.

"एकटा नव्हता, वहिनी. सकाळपासनं मी होतो."

सुंदराबाई डोळे पुसत नव्हत्या. पाणी गालांवरून तसंच वाहू देत होत्या. त्यांनी हात पुढे करून चांगूच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. चांगू ताटाकडे बघत बसला.

"पोलादपुराकडची एक बाई माझ्याकडं रोपं न्यायला येते," शर्मिला म्हणाली. तिला आता बोलावंसं वाटत होतं. "तिचा माणूस त्याच पुरात गेला. सापडलाच नाय. ती अजून त्याचं शर्ट धुवून वाळत घालते. मला म्हणाली, तुझा तरी हाताला लागला. तवापासनं मला तुमाला सांगायचं होतं. आमाला त्याला निरोप देता आला, तो तुमच्यामुळं. मी आज जगते, रोपं लावते, ती त्याच्यावरच. हे उपकार..."

"उपकार नका म्हणू," चांगू म्हणाला. "मी पाण्यावरचा माणूस. पाण्यात कोण दिसलं नि टाकून आलो, तर मी कसला कोळी."

"बरं, नाय म्हणत. पण मला आभार तरी मानू द्या. लय दिवस साठलंत."

तो ओशाळून हसला. "माना मग."

तिने हात जोडले. शब्द आठवले नाहीत म्हणून नुसतेच जोडले. चांगूनेही उष्टा हात मागे घेऊन डाव्या हाताने छातीला स्पर्श केला. मग सुंदराबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि तो नको म्हणाला नाही.

सयाजी लग्नाहून परत आला तेव्हा कोपऱ्यातले दगड बघून त्याने कपाळावर हात मारला. "हे काय केलं? असं रचतात काय कुणी?" पण दगड चांगले होते, आणि भराव वाचला होता, हे त्याने कबूल केलं. त्याने ते उचलून नीट सांध्यात बसवले. काँक्रीट घालायच्या दिवशी शेजारची माणसं घमेली घेऊन आली, कमळाबाईही आली. वाळू-खडी होडीतून परसात येत होती, बायका साखळी करून घमेली पुढे देत होत्या, सयाजी फळीने पृष्ठभाग सारखा करत होता. दुपारी सगळ्यांना जेवण होतं. चांगू पंगतीत पडवीत बसला, सगळ्यांच्या मधोमध.

काँक्रीट सुकेपर्यंत शर्मिला रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायची. गोणपाट अंथरून ते ओलं ठेवायची. सासू चेष्टेत म्हणायची, "रोपांपेक्षा दगडाला जास्त पाणी घालतीस." पुढे त्यावर लोखंडी पायपांचा सांगाडा उभा राहिला, पत्रे बसले आणि खताचं पोतं एकदाचं चुलीमागून गेलं.

पत्रे बसल्यानंतरच्या रविवारी शर्मिलाने चांगूला विचारलं, "ती जागा दाखवाल?"

"दाखवीन की. कवा?"

"आज भरतीला."

तिघी होडीत बसल्या. सुंदराबाईंना साक्षीने आणि चांगूने दोन्ही दंडांना धरून होडीत घेतलं. होडी फाट्यातून बाहेर पडली आणि रुंद पाण्यात आली. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. पलीकडच्या काठाला चांगूने बांबू रोवून होडी थांबवली. तिवरांची मुळं पाण्यातून वर आली होती. एक बगळा जरा सरकला आणि पुन्हा उभा राहिला.

"इथं," चांगू म्हणाला.

शर्मिलाने जागा बघितली. तिने मनात जी बघितली होती तशी ती नव्हती. हिरवीगार होती, पाणी संथ होतं. मागे वळून तिने काठाकडे पाहिलं. वाडी दिसत होती, घराची कौलं दिसत होती, केळीही दिसत होत्या. घर इथून दिसतं, हे चांगू त्या सकाळी राजेंद्रला खरंच सांगत होता.

तिने आणलेली फुलं पाण्यात सोडली. तिघींनी त्रिसरण म्हटलं. सुंदराबाईंचा आवाज मध्येच बसला तेव्हा साक्षीने पुढचं उचललं. चांगू मागच्या टोकाला डोक्यावरची टोपी काढून उभा होता. म्हणून झाल्यावर शर्मिला बराच वेळ पाण्यात हात घालून बसली. पाणी कोमट होतं. दुःख गेलं नव्हतं, पण आज त्याच्यात भीती नव्हती. त्या सकाळी या माणसाची होडी नेमकी इकडे वळली, आणि वळल्यावर तो थांबून राहिला, याबद्दल तिला एवढं भरून आलं की त्याच्याकडे वळून बघायचं तिने टाळलं.

"चला," ती म्हणाली. "पाणी उतरायच्या आत."

"येळ हाय अजून," चांगू म्हणाला. "बसा तुमी."

म्हणून त्या आणखी थोडा वेळ बसल्या. परतताना सुंदराबाईंनी विचारलं, जाळ्यात सध्या काय गावतंय. बोयटं गावतात, चांगू म्हणाला, कमळा संध्याकाळी घेऊन येईल. सुंदराबाई म्हणाल्या, तू पण ये, कालवण मी करते.